ताणा शिस्तीत, बाणा मोकळा : साओरी पद्धतीच्या हातविणीच्या पटांचं प्रदर्शन आपल्या गावात कसं भरवावं

कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर २०१६ साली बंदी आली. तरी बेळगावातल्या कुठल्याही चौकात उभं राहा, चार वाढदिवस आणि दोन अभिनंदनं वाऱ्यावर फडफडताना दिसतातच. अशा ठिकाणी हातमागावर विणलेले सहा-सहा फुटांचे पट टांगायचे, त्यावर कुणाचा फोटो नाही, नाव नाही, नुसतं सूत, ही कल्पना ऐकून लोक आधी हसतात. मग येऊन बघतात, आणि तासभर हलत नाहीत. महिला मंडळ, वाचनालय, शाळा, गल्लीतलं युवक मंडळ, कुणालाही हे जमण्यासारखं आहे. विणकाम यायलाच हवं असं नाही. पण काही गोष्टी आधी ठाऊक असल्या तर पुढची पळापळ वाचते.

आधी साओरी म्हणजे काय ते समजून घ्या

जपानात ओसाकाकडच्या मिसाओ जो या बाईंनी ही पद्धत सुरू केली. जन्म १९१३ चा. आधी त्या इकेबाना, म्हणजे फुलांची मांडणी शिकवत. पन्नाशी उलटल्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, त्या मागावर बसल्या. किमोनोवर बांधायचा ओबी नावाचा पट्टा विणताना ताण्यातला एक धागा निसटला आणि कापडभर उभी रेघ उमटली. जाणकाराने माल खोटा ठरवला. बाईंना मात्र ती रेघच आवडली. मग त्यांनी मुद्दाम जागोजागी धागे गाळून ओबी विणला आणि ओसाकातल्या दुकानदाराला दाखवला, तर तो खूश. तिथून पुढे त्यांनी आयुष्यभर एकच धरून ठेवलं : यंत्राला जमतं ते माणसाने करत बसू नये. २०१८ साली वयाच्या १०४ व्या वर्षी त्या गेल्या. जपानात आज अपंग, गतिमंद, वयस्क अशा अनेकांच्या केंद्रांत हे विणकाम चालतं.

त्यांची चार सूत्रं आहेत. यंत्र आणि माणूस यातला फरक ओळखा, धीट व्हा, चमकत्या डोळ्यांनी बघा, आणि गटात बसून एकमेकांकडून शिका. त्यात नमुना नाही, आराखडा नाही, आणि शिकवणाऱ्याने सुधारून द्यायचं नाही.

हे वाचून बरेच जण समजतात की इथे सगळंच कसंही चालतं. तसं अजिबात नाही. आडवा धागा, म्हणजे बाणा, पूर्ण मोकळा. उभा धागा, म्हणजे ताणा, आणि नंतरची टांगणी, यात मात्र शंभर टक्के शिस्त हवी. ताणा सैल असेल तर कापड होत नाही, जाळं होतं. काठी चुकली तर सहा फुटांचा पट दुसऱ्या दिवशी जमिनीवर असतो. नवख्या गटांचा घोटाळा इथेच होतो. विणताना एकमेकांना नियम शिकवत बसतात आणि ताणा लावताना, टांगताना म्हणतात, ‘चालतंय की!’ नेमकं उलट करा.

माग कुठून आणायचा

आपण नशीबवान आहोत. बेळगावातलं शहापूर, वडगाव, खासबाग, पलीकडे सुळेभावी गाव, ही विणकरांचीच वस्ती. शहापुरी साडीचं नाव अजून आहे. आज बहुतेक घरांत यंत्रमागच खडखडतात, पण हातमागाची आठवण असलेली माणसं आणि अडगळीत पडलेलं सामान अजून सापडतं. फणी (ताण्याचे धागे ज्यातून ओवतात आणि बाणा जिने ठोकतात ती कंगव्यासारखी पट्टी), धोटे (बाण्याचा धागा आरपार नेणारं लाकडी होडकं), कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) भरायचा चरखा यांची विचारपूस तिथूनच सुरू करा. फक्त आषाढात मंगाईच्या जत्रेच्या सुमाराला वडगावात ही विचारपूस करायला जाऊ नका. घराघरांत पाहुणे, तुमचं सूत कोण बघणार?

खड्ड्याचा माग, म्हणजे पाय खड्ड्यात सोडून बसायचा, नवख्याला देऊ नये. त्यावर बसायलाच आठवडा लागतो. दोन पावड्यांचा, म्हणजे पायाने दाबायच्या दोन पट्ट्यांचा, साधी एकाआड एक वीण घालणारा, टेबलाएवढा उभा माग पुरेसा. एखादा जुना विणकर आणि एक सुतार समोरासमोर बसवले तर सागाच्या जुन्या चौकटीतून असा माग उभा राहतो. रुंदी दोन फूट असली की बास. मुलांसाठी तेवढंही नको, लाकडी चौकटीला वर-खाली खिळे ठोकून त्यावर ताणा गुंडाळला की झालं. वीस जणांच्या गटाला दोन माग आणि चार-पाच चौकटी धरा. नवखा माणूस जाड बाणा वापरून तासाला साधारण फूटभर विणतो, म्हणजे एका पटाला तीन-चार बैठका. या हिशेबाने प्रदर्शनाच्या आधी दोन महिने तरी हातात ठेवा.

ताणा : इथे घाई नको

पट पंधरा इंच रुंद आणि सहा फूट लांब धरू. इंचाला बारा धागे, म्हणजे एकशेऐंशी धागे. एकाच ताण्यावर पाच पट काढायचे. पाच सक्के तीस फूट, वर गोंड्यांसाठी प्रत्येकी फूटभर, वीण दबते त्यापोटी चार फूट, आणि मागावर सुरुवातीला-शेवटी वाया जाणारं तीन फूट. एकूण बेचाळीस फूट, साधारण तेरा मीटर. दोन पदरी सुती धागा, २/१० नंबरचा, घेतला तर एवढ्याला पाव किलोच्या जरा वर सूत लागतं. सूत महाग नाही, वेळ महाग आहे. म्हणून तीनशे ग्रॅम घ्या, मधेच कमी पडलं तर त्याच रंगाचं परत मिळेलच असं नाही.

साडीच्या मागाची फणी मिळाली तर तिची घरं फार बारीक असतात. दोन-तीन घरं सोडून एक धागा ओवा, मोजून इंचाला बारा आले की पुरे. मधेच अर्धा-पाऊण इंच जागा मुद्दाम रिकामी ठेवायची असेल तर ती आत्ताच ठेवा, नंतर होत नाही. ही रिकामी पट्टी उजेडात टांगल्यावर फार सुंदर दिसते.

ताण्याला रंग एकच ठेवा, काळा किंवा गडद निळा. गडद ताण्यावर कुठलाही बाणा उठून दिसतो. आणि हे काम मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. वडगावातल्या एखाद्या मामांना घरी चहाला बोलवा, पण मजुरीही द्या. ‘समाजकार्य आहे ओ’ म्हणून विणकराकडून फुकट ताणा ओढून घेणं मला पटत नाही. त्याचं पोट त्याच्यावर आहे.

बाणा : घरात काय काय पडलंय ते गोळा करा

सूत विकत घ्यायची गरज फार थोडी. मागवाल्यांकडे कांडीवर उरलेलं रंगीत सूत आणि चमकीची जर पोत्याने पडलेली असते. शिंप्याकडे खणाच्या कातरणी मिळतात, गुळेदगुडचा खण असेल तर लांबट पट्ट्या काढा, त्यातली चमक विणीत मधेच डोळा मारते. धनगरवाड्यावरून दख्खनी मेंढीची लोकर आणा. काळी, करडी, खरबरीत, हाताला टोचणारी. सुतळी, काथ्या, मक्याची सुकी पानं, नारळाची दोरी, सगळं चालतं.

आणि जुनी लुगडी. उत्तर जपानात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तिकडचे लोक जहाजातून येणारं जुनं कापड घेत, फाडून पट्ट्या करत आणि त्याच बाण्याने पुन्हा विणत. त्याला ‘साकिओरी’ म्हणतात. आपल्याकडची वाकळ, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांच्या कौद्या, म्हणजे गोधड्या, याच काटकसरीतून आल्या, फक्त इकडे सुई चालली आणि तिकडे माग. आज्जीचं इरकल विटलं असेल तर त्याच्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या फाडा. कात्री लावू नका, फाडा. फाडलेल्या कडेचे बारीक धागे बाहेर येतात आणि विणीत एकमेकांना धरून ठेवतात. लाल-पांढऱ्या तोपेतेनीचा, म्हणजे इरकलीच्या खास नक्षीचा, पदर असेल तर मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका, यावरून भांडणं होतात.

एक तपासणी सगळ्यांनी करायची. प्रत्येक रंगाचा हातभर धागा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळा. लाल आणि मरून हमखास रंग सोडतात. सोडला तर तो धागा आधी वेगळा धुऊन घ्या.

पहिली बैठक

सुरुवातीला काहीही समजावून सांगू नका. माणसाला मागावर बसवा, उजवी पावडी दाबा म्हणा, धागा टाका, फणी ओढा, डावी पावडी. एवढंच. दहा ओळी झाल्या की पाय आपोआप चालायला लागतात.

तेव्हा एकच गोष्ट दाखवा, पण जवळ बसून दाखवा. धागा या कडेहून त्या कडेला नेताना तो सरळ ताणून ठेवायचा नाही. मधे थोडा वर उचलून, कमान करून सोडायचा, मग फणीने खाली आणायचा. सरळ ताणला तर दर ओळीला कापड केसभर आत ओढलं जातं. पंधरा इंचांचा पट तीन फुटांवर अकरा इंचांचा होतो, आणि कडेचे ताण्याचे धागे फणीला घासून तटातट तुटतात. कड वेडीवाकडी झाली तर हरकत नाही. कड आत जाऊन धागे तुटले तर मागच थांबतो.

त्यानंतर तोंड बंद ठेवा. हे सगळ्यात अवघड. एखाद्या बाई हिरव्याशेजारी जांभळा टाकतात आणि मान वळवून विचारतात, ‘बरं दिसतंय काय ओ?’ उत्तर : ‘तुम्हाला काय वाटतंय, अक्का?’ बास. आमच्याकडच्या बायकांना रांगोळीची, कशिद्याची सवय, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या करायचा हात आपोआप जातो. त्यांनी तसं केलं तर तेही अडवू नका. सारखेपणा नको हा सुद्धा एक नियमच झाला की.

खरी परीक्षा पट्टीच्या विणकराची. ज्याने चाळीस वर्षं एक धागा सुटला तर पगार कापून घेतला, त्याला मुद्दाम धागा सोडायला सांगणं म्हणजे त्याच्या कसबाचा अपमान वाटू शकतो. त्याला हे ‘करून बघा’ असं सांगू नका. त्याला ताणा, फणी, तुटलेला धागा सांधणं ही कामं द्या. सांधताना तो बोटं कशी फिरवतो, थुंकी लावून दोन धागे कसे वळून एक करतो, हे पोरांना समोरून बघू द्या. त्याच्या मनात आलं तर तो स्वतः मागावर बसेल. बसला तर बाजूला व्हा.

अपंग किंवा गतिमंद मुलं गटात असतील तर त्यांना वेगळ्या कोपऱ्यात बसवू नका. त्याच मागावर, त्याच ताण्यावर, त्यांची पाळी आली की. पाय चालत नसेल तर दुसऱ्याने पावडी दाबावी.

काही हुन्नर मागाहून दाखवता येतात. मधे बोटाने धागा ओढून फुगे काढणं, सुतळीचा तुकडा आडवा न नेता चार धाग्यांतच अडकवणं, पुठ्ठ्याची पट्टी घालून नंतर काढून टाकणं म्हणजे तिथे नुसता ताणा उघडा राहतो. पण कुणी मागितलं तरच.

मागावरून उतरवल्यावर

दोन्ही टोकांना सहा-सहा धाग्यांची गाठ मारा. पदराला गोंडे कसे करायचे ते सीमाभागातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही, वरचा भाग फक्त काठीसाठी मोकळा ठेवा. रिठ्याच्या गार पाण्यात एकदा बुडवून, न पिळता सावलीत वाळवा. लोकर आणि सूत वेगवेगळं आटतं, त्यामुळे कापडाला फुगवटे आणि चुण्या येतात. घाबरू नका, इस्त्रीही करू नका.

मग एक रात्र पट टांगून ठेवा, खाली काठीचं वजन लावून. लोकरीचे, पट्ट्यांचे जड पट दोन-तीन इंचसुद्धा उतरतात. ते उतरल्यावरच वरची दुमड शिवायची. आधी शिवली तर काठी तिरकी बसते. दुमड तीन इंचांची, शिलाई दुहेरी, जाड दोऱ्याने.

काठीला चिवा, म्हणजे भरीव जातीचा बांबू, उत्तम. वाकत नाही. पण ओला घेऊ नका, वाळलेला घ्या आणि भुंग्याची पांढरी भुकटी पडते का ते आपटून बघा. ती भुकटी कापडावर पडली की प्रदर्शनाचे तीन दिवस तुम्ही झटकतच बसणार.

तारीख, जागा, परवानगी

राष्ट्रीय हातमाग दिन ७ ऑगस्टला असतो. १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून २०१५ पासून तो पाळतात. तेव्हा प्रदर्शन भरवावं असं सगळ्यांनाच सुचतं. बेळगाव-खानापूरच्या पावसात ते करू नका. लोकर वास मारते, सूत ओलं राहतं, बुरशी धरते. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर शहरात बंदोबस्त आणि लॉज भरलेले. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव, एकीकडे काळा दिन, त्याच्या आसपास वातावरण कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मार्चमध्ये परीक्षा. राहिला संक्रांतीनंतरचा महिना. हवा कोरडी, दुपार सुखाची. त्यात माघ पौर्णिमा तेवढी टाळा, सौंदत्तीच्या यल्लम्माला निम्मा जिल्हा जातो आणि बसला जागा मिळत नाही.

टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाचं कलादालन आहे, तिथे चित्रांची प्रदर्शनं होतात. गावात असाल तर शाळेचा हॉल, देवळाचा सभामंडप, मंगल कार्यालय. जागा ठरवताना एकच बघा : छत उंच हवं आणि बाजूने उजेड यायला हवा. कार्यालयात भिंतीला खिळा मारू देत नाहीत, ते आधी विचारा.

बाहेर रस्त्यावर काही लावायचं असेल तर शहरात महानगरपालिकेची, निपाणीला पालिकेची, खानापूरला पट्टण पंचायतीची, गावात ग्रामपंचायतीची लेखी परवानगी काढा. माईक असेल तर पोलिसांची. अर्ज कन्नडमध्ये द्या, काम लवकर होतं. बाहेरचा फलक आणि आतल्या चिठ्ठ्या कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहा, आणि कन्नड मजकूर एखाद्या कन्नड शिक्षकाकडून तपासून घ्या. वाद टळतो हा एक भाग झाला. वडगावच्या ज्या घरांतून तुम्ही सूत आणलं तिथे निम्म्या घरांत कन्नडच बोलतात, ते लोक बघायला येणार आहेत, हा दुसरा आणि जास्त महत्त्वाचा.

टांगणी

भिंतीला चिकटवून लावू नका. साओरीच्या कापडाला उलटी बाजू नसते, निदान मला तरी कधी ती कमी वाटलेली नाही. मंडपवाल्याकडून लोखंडी पाइपांची चौकट घ्या, एका ओळीत पाच-सहा पट, दोन ओळींत चार फुटांची वाट. चाकाची खुर्ची सहज फिरली पाहिजे. पटाचं खालचं टोक जमिनीपासून दोन फुटांवर. तार ताणून त्यावर लावलं तर तार मधे झोळ खाते आणि मधले पट खाली येतात, म्हणून पाइपच बरा. प्रत्येक पट दोन ठिकाणी बांधा, सुती दोरीने. नायलॉनची गाठ सरकते.

दिवे समोरून मारू नका, पोत मरतो. बाजूने किंवा मागून सोडा. हॅलोजन कापडापासून लांब, हे सांगायला लागू नये, पण मंडपवाल्याला सांगावं लागतं. दुपारी वारा सुटला की खिडक्यांकडचे पट फिरायला लागतात. खालच्या काठीला दोन्ही टोकांना दोरी घालून पाइपला सैल बांधा, थोडं हलू द्या.

दारात ‘नोरेन’ लावा. जपानी दुकानांच्या दारावर फाटे पाडलेला आखूड पडदा असतो, तो बाजूला सारूनच आत जायचं. तीन अरुंद पट वरच्या काठीवर शेजारी-शेजारी लावले की झालं. येणाऱ्याचा हात आत शिरण्याआधीच कापडाला लागतो, आणि ‘हात लावू नका’ ही पाटी लावायची सोयच राहत नाही. तशीही ती लावू नका. हात लावून झिजतील असे एक-दोन पट वेगळे ठेवा आणि बाकी लोकांवर सोडा.

चिठ्ठीवर विणणाऱ्याचं नाव, गाव आणि बाण्यात काय काय आहे ते. ‘आज्जीचं इरकल, सुतळी, चपलेच्या दुकानातली सुती पट्टी.’ अर्थ लिहू नका. सूर्योदय, स्त्रीशक्ती, निसर्ग, हे शब्द चिठ्ठीवर आले की माणूस चिठ्ठी वाचतो आणि पट बघायचा राहतो.

बक्षिसं ठेवू नका. पाहुणे बोलावले की ते पहिला-दुसरा-तिसरा काढायला मागतात, आधीच नम्रपणे नाही म्हणून ठेवा. विक्री ठेवायची की नाही हे गटाने ठरवावं. ठेवलीच तर दर आधी लावा आणि ताण्याची मजुरी त्यात धरा.

एक माग हॉलमध्ये चालू ठेवा, ताणा लावून, कुणीही बसावं म्हणून. शेजारी रंगीत कांड्यांची टोपली. प्रत्येकाने चार-सहा ओळी विणायच्या. शाळेची मुलं सकाळी येतात, तेव्हा रांग लागते, म्हणून त्या वेळी मागाशेजारी दोन माणसं हवीत : एक ताणा बघायला, एक रांग. संध्याकाळी वयस्क माणसं येतात आणि त्यातला एखादा न विचारता बसून धोटा असा टाकतो की सगळे थांबून बघतात.

उतरवताना पट घडी घालू नका. कापडाच्या दुकानात पुठ्ठ्याच्या नळ्या फुकट मिळतात, त्यावर गुंडाळा. लोकर असेल त्यात कडुलिंबाची वाळलेली पानं घाला, चिठ्ठी आत ठेवा, आणि नळीवर बाहेरून नाव लिहा. मंडपवाल्याचे पाइप त्याच संध्याकाळी परत गेले तर एका दिवसाचं भाडं वाचतं.